उताराची बाजू

चेंडू रेषेबाहेर आला आणि अर्ध्यातच थांबला. योगितानं आपला उजवा पाय केव्हाच पुढे काढला होता; चप्पल बाजूला सारून, टाच रोवून, चवडा जरासा उचलून. या पायाला आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं. चेंडू बाहेर आला की उतारानं घरंगळत पायापाशी यायचाच, आणि पाय त्याच्या आधी तिथं हजर असायचा. आज मात्र हा पठ्ठ्या त्या हिरव्यागार प्लास्टिकच्या गवतावर रुसलेल्या जावयासारखा बसून राहिला. ना पुढे, ना मागे. खेळाडू धावत आला, त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता त्यानं रेषेलगत मांडून ठेवलेल्या चेंडूंतला दुसराच एक उचलला आणि फेकला. खेळ पुढे गेला. योगिताचा पाय तसाच खुर्चीपुढच्या लोखंडी दांडीखालून बाहेर. तिनं हळूच इकडेतिकडे पाहिलं, पाय आत ओढला, साडीची किनार त्यावर नीट केली आणि चप्पल चाचपडत शोधली. कुणी पाहिलं नव्हतं. पण तिला एकदम वाईट वाटलं, इतकं की तिचं तिलाच नवल वाटलं. एवढी बाई, हॉस्पिटलात अख्ख्या वॉर्डाला धाकात ठेवणारी सिस्टर, आणि चेंडू आला नाही म्हणून हिरमुसतेय.

मांजरसुंब्याची चौफुली ओलांडली की ढाब्यांची रांग लागते, आणि रांग संपते तिथं एका बियाण्यांच्या कंपनीनं हे मैदान बांधलं होतं. आज त्यावरचा पहिला सामना. एका अंगाला मोठ्या लोकांसाठी मांडव, त्यात सोफे, सोफ्यांपुढे काचेची टीपॉय. समोरच्या अंगाला बाकी साऱ्यांसाठी नंबर टाकलेल्या खुर्च्या आणि पुढे कमरेएवढी लोखंडी दांडी. खुर्च्यांचा रंग नारिंगी, खेळाडूंचे कपडे नारिंगी, फाटकावर वाटलेले टी-शर्टही नारिंगी. मंडळ विकत घेतलं तसं कंपनीनं त्याचं नावही बदललं होतं. पिढ्यान् पिढ्या जे नुसतं ‘बालाघाट मंडळ’ होतं ते आता ‘बालाघाट वुल्व्हज’ झालं होतं. आणि योगिताची लेक स्वप्नाली त्याच कंपनीत लागली होती. काम काय, तर सामन्याच्या वेळी लोकांना नाचवायचं: गाणी लावायची, माइकवरून ओरडायचं, चेंडू बाहेर गेला रे गेला की शांतता म्हणून होऊ द्यायची नाही. महिनाभर ती आईच्या मागे लागली होती. शेवटी योगिता म्हणाली होती, “येते. पण एकदाच. माझा जीव रमला तर पुढचं पुढं. न्हाई रमला, तर त्या क्लबाचं नाव परत माझ्यापुढं काढायचं न्हाई.” स्वप्नालीनं हातावर टाळी घेतली. पोरीला वाटलं, आई गंमत करतेय. गंमत नव्हती. फुटबॉल योगिताला आवडायचा असं म्हणणं म्हणजे माणसाला श्वास घ्यायला आवडतो म्हणण्यासारखं झालं असतं. ती जी कोण होती ती जुन्या मैदानाच्या खालच्या कडेला उभी राहूनच झाली होती. ते मैदान गेलं, त्यावर प्लॉट पडले, बंगले उठले, तेव्हा तिनं मनाला समजावलं की मैदान गेलं तरी मंडळ आहे. आता मंडळानंही ओळख दिली नाही, तर पन्नाशीला टेकताना आपण कोण हे नव्यानं शोधत बसावं लागणार. आणि दिवसपाळी-रातपाळीतून तेवढी सवड आहे कुणाला?

जुनं मैदान बीडच्या बाहेर, नारायणगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला, माळावर होतं. माळ जसा होता तसंच मैदान; कुणी सपाट करायच्या भानगडीत पडलं नाही. त्याची एक लांब कड वर, दुसरी खाली ओढ्याच्या अंगाला. वरच्या कडेला शाळेतल्या खुर्च्या मांडत, तिथं वकील, मास्तर, पुढारी बसत. त्यांना लोक चढवाले म्हणत. खालच्या कडेला धनगर, हमाल, पंक्चरवाले, बाजारात टोपल्या घेऊन आलेले कुणी ना कुणी. हे उतारवाले. खुर्ची नाही, सावली नाही, पण बाहेर जाणारा दर चेंडू मात्र त्यांचा, कारण जमिनीचा कलच त्यांच्याकडे. सामन्याच्या आधी योगिताचा बाप म्हाळू आपली मेंढरं मैदानात सोडायचा. गवत कापायला दुसरं होतं काय? मेंढराचं तोंड अगदी जमिनीलगत चालतं. दोन दिवसांत माळ असा साफ व्हायचा की चेंडू आरामात पळावा. लेंड्या राहायच्या, त्या पडणाऱ्याच्या गुडघ्याला लागायच्या, पण त्याची कुणी तक्रार केली नाही. मंडळ चालवायचे गफूरभाई, सायकल दुरुस्तीवाले, ते म्हाळूला म्हणत, “तेरे मेंढरां है तो मैदान है यारो.” आणि उतारवाल्यांना त्यांनी एकच कायदा घालून दिला होता. चेंडू पायानंच अडवायचा, पायानंच परत द्यायचा. “हाथ नक्को लगाओ. ये अपना काम है.” बदल्यात, चेंडू घ्यायला आलेला खेळाडू कितीही घाईत असो, दोन बोटं कपाळाला लावून पायवाल्याला सलाम करायचा, मगच चेंडू फेकायचा. बाहेरगावचे संघ आधी हसत. खेळ रंगला की तेही सलाम ठोकू लागत. योगिता तेव्हा परकर नेसणारी, कोकरं सांभाळायला आलेली पोर. एकदा चेंडू गर्दीतून सुटून थेट तिच्यापाशी आला. तिनं अनवाणी पायानं अडवला, ढकलला. परभणीच्या संघातला एक मिशाळ, दांडगा गडी धावत आला, थांबला, आणि त्या शेंबड्या पोरीला त्यानं दोन बोटांनी असा सलाम केला की जसा कलेक्टरालाच. तोवर तिला ‘ए पोरी, सरक’ यापलीकडे कुणी काही म्हटलं नव्हतं. त्या रात्री ती झोपेपर्यंत आपल्या पायाकडे बघत होती.

तो पाय पुढे फार भोवला. लग्न होऊन ती शेतकऱ्याच्या घरात गेली, तिथली माणसं सोवळ्याची. नव्या सुनेच्या हातची सत्यनारायणाची पूजा, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि चौरंगावरचा नारळ कसा कोण जाणे निसटला आणि फरशीवरून गडगडत निघाला. साऱ्यांनी ‘आरं, आरं’ केलं. योगितानं काहीच केलं नाही, जे केलं ते पायानं केलं. अडवला, आणि नुसता अडवून थांबली असती तरी निभावलं असतं, पण तिनं तो पायाच्या आतल्या बाजूनं अलगद भटजींकडे परत ढकलला आणि वर त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. सलामाची वाट बघत होती, हे तिनं पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. सासूबाई, बायनाबाई, जागच्या जागी खाली बसल्या. “आगं माझे बाई! नारळाला लाथ?” योगिता रडकुंडीला येऊन सांगत होती की लाथ नाही मारली, अडवला, नाहीतर उंबऱ्याबाहेर गेला असता. पूजा पुन्हा पहिल्यापासून झाली. माहेरी ही कथा पोचली तेव्हा आईनं कपाळ बडवून घेतलं, बापानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, “भटजीपशी नीट गेला का?” त्या एका प्रश्नावर ती पुढची सगळी बोलणी हसत खाऊ शकली. आणि बायनाबाईही काही वाईट नव्हत्या. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा औषधाची बाटली कॉटखाली घरंगळली की स्वतःच म्हणायच्या, “योगिते, पाय घाल गं.”

आता तोच बाप शेजारच्या खुर्चीत बसला होता. वय झालेलं, पाठ मात्र काठीसारखी. फाटकावर मिळालेला नारिंगी टी-शर्ट म्हाळूनं नाकारला नव्हता, फुकटचं कावून सोडा म्हणत सदऱ्यावरूनच चढवला होता, आणि त्यावर आपली काळी घोंगडी. मंडळाचा रंग पूर्वी काळा होता तो या घोंगडीवरूनच आलेला. बनियनं एका काहिलीत रंगवायचे, सामना संपेस्तोवर खेळाडूंच्या अंगावर रंग उतरायचा. आत येताना म्हाळूनं वाकून गवत चिमटीत धरलं होतं, ओढून पाहिलं होतं, बोटं नाकाला लावली होती. “ह्येला मेंढरू तोंड लावायचं न्हाई,” एवढा निकाल देऊन तो पुढे झाला होता. मग मैदानात लांडगा आला. कंपनीनं नावाला साजेसा एक माणूस केसाळ पोशाखात घालून सोडला होता, तो शेपूट हलवत लोकांपुढे नाचत होता. म्हाळूचा हात नकळत खुर्चीखाली काठी शोधू लागला.

“आबा, त्यो खरा न्हाई,” योगिता म्हणाली.

“खरा न्हाई ते दिसायलंय मला. पर लांडगा कावून? हयात गेली त्येला हाकलण्यात. आन आता म्हन्तेत, त्योच आपला?”

“निशाणी हाय ती. जोर यावा म्हणून.”

“कुणाला? मेंढरांला?” म्हाळूनं घोंगडी सावरली. “आपल्या स्वप्नीनं आणलाय का ह्यो?”

“तिच्या साहेबांनी.”

“मंग ऱ्हाऊ दे,” म्हातारा म्हणाला आणि लांडग्याकडे थोड्या मवाळ नजरेनं पाहू लागला.

खेळ मात्र काही धड चालला नव्हता. पुण्याहून आलेला संघ सपाट मैदानावर वाढलेला, आखून दिल्यासारखा खेळत होता, आणि त्यांनी एक गोल करूनही टाकला होता. आपली पोरं जीव तोडून पळत होती, पण त्यांचा चेंडू साथीदारापर्यंत पोचतच नव्हता. दर वेळी तो हातभर पलीकडे, मांडवाच्या बाजूला जायचा, आणि बहुतेक वेळा रेषेबाहेरच. मंडळाचं हे जुनंच दुखणं. घरात वाघ, बाहेर शेळी. माळावर त्यांना कुणी हरवू शकलं नाही आणि माळाबाहेर ते कुणाला हरवू शकले नाहीत. पण आजचं हे मैदान तर त्यांचं घरच म्हणून बांधलेलं. योगिताला हरण्याचं दुःख तेवढं नव्हतं. तिला टोचत होतं ते वेगळंच. जन्मभर उतारवाल्यांच्या पायाशी येणारा चेंडू आज उठून सोफ्यांकडे चालला होता. तिथं कुणी त्याला पाय लावत नव्हतं. एक पुढारी तो हातात धरून फोटो काढून घेत होता, दुसऱ्यानं तो मांडीवर घेतला होता, बारशाला बाळ घेतात तसा. खेळाडू ताटकळत उभा. सलाम नाही, काही नाही. आपली जागा अशी डोळ्यांदेखत पलीकडे गेलेली पाहून तिला कुणाचा तरी राग आला. कंपनीचा, प्लॉटवाल्यांचा, त्या मुकाट सपाट जमिनीचा. आणि मग, राग करायलाही आपल्याकडे आता हक्काची जागा नाही, ही नंबर टाकलेली एक खुर्ची तेवढी आहे, असं वाटून ती नुसती बसून राहिली. चेंडू बाहेर गेला की भोंग्यांतून गाणं फुटत होतं. स्वप्नाली माइकवर ओरडत होती, “बालाघाऽऽट, आवाज कुठंय?” पोरीचा आवाज बसत चालला होता. योगिताला तिचीही दया आली. परत जाताना काय सांगायचं हिला? छान होतं म्हणायचं, आणि पुन्हा यायचं नाही.

आवाज नव्हता असं नाही. गाणं थांबून खेळ सुरू झाला की तिच्या रांगेतून जुनी आरोळी उठत होती, आणि योगिताही, मन कुठंही असलं तरी, त्या आरोळीत होती. “वर घे! वर घे!” माळावर उतारवाल्यांचं हे दुसरं काम. मैदान कललेलं, सरळ मारलेला चेंडू वाकत वाकत खाली यायचा. म्हणून मारणाऱ्यानं नेम थोडा चढाकडे धरायचा, मग चेंडू वळण घेऊन बरोबर साथीदाराच्या पायात. नव्या पोरांना हे कळायला वेळ लागे, म्हणून खालून ओरडून सांगायचं. पिढ्या या आरोळीवर खेळल्या. आता कर्णधार असलेला उत्तरेश्वर लहानपणी चेंडूच्या मागे धावता धावता ओढ्यात जायचा, तो हीच आरोळी ऐकत मोठा झाला. मैदान मोडल्यावरही ही पोरं पलीकडच्या माळावर, तसल्याच उतारावर सराव करत होती. कंपनीनं नवं मैदान आजच्या उद्‌घाटनापर्यंत कुलपात ठेवलं होतं.

तेवढ्यात लांडगा पडला. पुढच्या दांडीसमोरून तो दोन्ही हात हवेत उडवत, शेपूट फिरवत नाचत येत होता, आणि योगिताच्या रांगेपाशी येताच जो अडखळला तो थेट तोंडावरच. शेपूट एकीकडे, मुंडकं एकीकडे. मुंडक्यातून नाथा निघाला, त्यांच्याच वस्तीवरचा, घामानं निथळलेला. “पाय आत घ्या की बे!” तो कळवळून ओरडला. “आरं किती पाय ह्ये!” सगळी रांग हसायला लागली. म्हाळू तर इतका हसला की खोकला लागला. लांडगा अखेर धनगरांनी पाडला याचा आनंद त्याला आवरेना. योगिताही हसली, आणि हसता हसता तिनं खाली पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रांगेतल्या एकूण एक माणसाचा उजवा पाय दांडीखालून बाहेर होता. चपला, वहाणा, बूट बाजूला काढलेले. टाच रोवलेली, चवडा उचललेला. म्हाताऱ्या हमालांचे भेगाळलेले पाय, पंक्चरवाल्याचा काळपटलेला पाय, आबांचा काटकीसारखा पाय, आणि त्यांच्यामध्ये जोडवी घातलेला एक. तिचाच. आत ओढून साडीखाली झाकलेला तो पाय पुन्हा कधी बाहेर गेला, हे तिला कळलंही नव्हतं. कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी गुपचूप, लाजत, न येणाऱ्या चेंडूची वाट बघत होते. योगिताला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. आपण एकट्याच वेड्या नाही, हे कळण्याचं सुख फार मोठं असतं.

आणि त्या सुखातच तिच्या डोक्यात पुढची गोष्ट लख्ख उजाडली. हे पाय जर अजून माळावरच असतील, तर पोरांचेही असणार. मैदानात उत्तरेश्वरकडे चेंडू आला होता. रांग ओरडली, “वर घे!” योगिता या वेळी ओरडली नाही, बघत राहिली. उत्तरेश्वरनं मान किंचित तिरकी केली, अगदी किंचित, हाक आल्यावर माणूस करतो तशी, आणि चेंडू मांडवाच्या बाजूला, जणू चढाकडे मारला. जमीन सपाट. चेंडू कुठून वळणार? सरळ गेला तो सोफ्यांवर. “आगं आई गं,” योगिता म्हणाली. “आबा! आपणच घालवायलोत त्यो चेंडू त्यांच्याकडं!”

“काय?”

“वर घे, वर घे म्हन्तो आपण. पोरं ऐकायलीत आपलं. हितं वर हायच कुठं? उतार न्हाई हितं, आबा!”

म्हाळूनं मैदानाकडे पाहिलं. मग हळूहळू त्याचा सगळा चेहरा पसरला. “ऐकायलीत,” तो म्हणाला. “येवढ्या भोंग्यात? आपलं?”

“आपलंच.”

“मंग आपुन हरवायलोत म्हन की!” हे त्यानं अशा थाटात म्हटलं की जणू कुणी गावची पाटीलकी त्याला दिली होती. योगितालाही तसंच वाटत होतं. कंपनीनं नाव बदललं, रंग बदलला, जमीन बदलली, लांडगा आणून नाचवला; आणि एवढं करून पोरं ऐकत कुणाचं होती, तर पायातल्या चपला काढून बसलेल्या या रांगेचं. दुपारपासून ती ज्याची वाट बघत होती ते हेच होतं, आणि ते मिळालं होतं ते एका गोलानं हरताना. ती एवढी खूश झाली की क्षणभर हरण्याचं भानच राहिलं नाही. मग भान आलं. हरवतोय आपण, तर थांबवायलाही आपणच पाहिजे.

मध्यंतर झालं. रांगेत तोंडातोंडी निरोप गेला: वर म्हणायचं न्हाई, सरळ म्हणायचं. एक हमाल म्हणाला, “जमायचं न्हाई बाई, तोंडाला वळण पडलंय,” तर म्हाळू म्हणाला, “मंग घोंगडं कोंब तोंडात.” तेवढ्यात स्वप्नाली आली, गळ्यात ओळखपत्र, हातात माइक, चेहरा उतरलेला. ती आईसमोर उकिडवी बसली आणि काही विचारायच्या आधीच म्हणाली, “बोअर होतंय ना मम्मी? मला कळतंय. सेकंड हाफला नवीन गाणी आहेत.”

“गाणी बंद कर,” योगिता म्हणाली.

“काय?”

“चेंडू आपल्या बाजूला बाहेर आला की गाणं लावू नको. पोरांना आमचं ऐकू यायला पायजे. लई महत्त्वाचं काम हाय.”

“मम्मी, साहेब माझा जीव घेतील. शांतता ठेवायची नाही असं...”

“शांतता न्हाई ग होत. आमी हावोत की.”

स्वप्नालीनं आईकडे नीट पाहिलं. आईचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. असं तिला पोरीनं फारसं कधी पाहिलं नव्हतं. पाहता पाहता तिची नजर खाली गेली आणि रांगेतल्या त्या सगळ्या पायांवर फिरून आली. नारळाची गोष्ट ती ऐकतच वाढली होती. तिनं मांडवाकडे एकवार बघितलं. “केबल सुटली म्हणून सांगते,” ती म्हणाली, आणि उठून पळाली. योगिताच्या मनात आलं, पाय नाही पण डोकं तरी माझ्यावरच गेलंय.

दुसऱ्या अर्ध्यात पहिला चेंडू त्यांच्या बाजूला बाहेर आला, थांबला, आणि भोंगे गप्प राहिले. माळावर असायची तशी पोकळी झाली, वाऱ्याची आणि माणसांच्या खाकरण्याची. उत्तरेश्वर दुसरा चेंडू उचलायला आला तेव्हा म्हाळूनं घोंगडी बाजूला फेकली, उभा राहिला आणि मेंढरं वळवायच्या आवाजात ओरडला, “उतऱ्याऽऽ! आरं हितं उतार न्हाई! सरळ मार, सरळ!” आणि मग सगळी रांग, सरळ, सरळ. उत्तरेश्वर चेंडू हातात धरून उभाच राहिला. त्यानं पायाखाली पाहिलं, मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं, एखाद्याला आपल्याच घरात नवीन खोली सापडावी तसं. मग मोठ्यानं हसला. पुढे सगळंच काही सुरळीत झालं असं नाही. एक चेंडू सवयीनं पुन्हा सोफ्यावर गेला, आणि रांगेतून एकदा कुणाच्या तरी तोंडून ‘वर’ निसटलं तेव्हा त्याच्या पाठीत चार धपाटे बसले. पण चेंडू पायातून पायात जाऊ लागला. पुण्याच्या पोरांना कळेना की ही शेळी अचानक वाघ कशी झाली. बरोबरीचा गोल झाला तेव्हा योगिता खुर्चीवर चढली होती. नंबरासकट ती खुर्ची आता तिला बरी वाटू लागली होती. चढायला सोयीची होती. नाथा मुंडकं काखेत मारून म्हाळूच्या मिठीत होता, धनगर आणि लांडगा एकमेकांची पाठ थोपटत होते.

ऊन उतरलं, दिवे लागले. सामना संपत आला होता, बरोबरीतच. घाई दोन्हीकडे. तेव्हा चेंडू योगिताच्या समोर बाहेर आला, आणि मघासारखाच, तिच्यापासून तेवढ्याच अंतरावर थांबला. तिचा पाय बाहेर होता. आता तिनं तो लपवला नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, पण पायाला राहू दिलं. उत्तरेश्वर धावत आला. रेषेलगत दुसरा चेंडू तयार होता, त्याचा हातही त्याकडे गेला. मग त्याची नजर दांडीखाली गेली. तो थांबला. पलीकडून त्याचे साथीदार हाका मारत होते, लवकर, लवकर. तो त्या बसलेल्या चेंडूकडे चालत आला आणि पायाच्या आतल्या बाजूनं त्यानं तो हलकेच योगिताकडे ढकलला. माळ जसा ढकलायचा अगदी तसा, ना जोरात ना हळू. चेंडू आला. तिच्या तळव्याला टेकला. रबराचा तो उबदार, धुळीचा स्पर्श टाचेपासून वर चढत गेला, आणि ती कुठल्या गावात, कुठल्या वयात आहे, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं चेंडू परत दिला. सरळ. उत्तरेश्वरनं तो उचलला, ताठ उभा राहिला, आणि दोन बोटं कपाळाला लावली.

“नीट गेला का?” म्हाळूनं विचारलं. त्याला नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

“नीट गेला, आबा.”

त्यानंतर काय झालं ते तिला स्वप्नालीच्या तोंडून कळलं. त्याच फेकीवरून चेंडू तिघांच्या पायांतून सरळ रेषेत गेला आणि जाळ्यात पडला, मंडळ जिंकलं, सोफ्यावरची माणसंसुद्धा उभी राहिली. स्वप्नाली माइक टाकून पळत आली आणि आईच्या गळ्यात पडून विचारू लागली, “बघितलास ना? मम्मी, गोल बघितलास ना?” अख्ख्या मैदानात तो गोल न बघितलेली योगिता एकटीच होती. ती आपल्या पायाकडे बघत होती.

“न्हाई बघितला,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी बघंन. आन हे बघ, माझ्या न आबाच्या खुर्च्या ह्याच ठेव. दुसरीकडं बसवलंस तर याद राख.”